कुमार व महाविद्यालयीन तरुणांमधील शिष्यत्व : मंडळीतील पुढाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

प्रशिक्षणाला कोणाला बोलवायचे, हा विषय आजच्या बैठकीत बराच वेळ चालला. तरुण संघ चालवणाऱ्या विशी-पंचविशीतल्या कार्यकर्त्यांनाच बोलवावे, असा पहिला प्रस्ताव होता. त्यांना गाणी येतात, खेळ घेता येतात आणि मुले त्यांच्याभोवती आपोआप जमतात. तो मान्य झाला नाही. पाळक, वडील (म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पुढारी), शब्बाथ शाळेचे शिक्षक आणि मंडळीतील, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायातील, अनुभवी भगिनी यांना आधी घ्यायचे आणि प्रत्येकाबरोबर एक तरुण कार्यकर्ता जोडीने बसवायचा, असे ठरले. तरुण कार्यकर्ता मुलांना जवळचा वाटतो हे खरे, परंतु तो स्वतःच शिक्षण, नोकरी आणि विवाह यांच्या वळणावर उभा असतो आणि अनेकदा थोड्याच काळात दुसऱ्या गावी जातो. मुलाच्या तेराव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत त्याच मंडळीत टिकून राहणारी माणसे बहुधा चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली असतात, आणि नेमकी तीच ‘हे काम आता तरुणांचे’ असे म्हणून मागे सरतात.

प्रकल्पाचे माप म्हणून बायबलमधील २ तीमथ्य २:२ हे वचन घेतले आहे; ते प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रातले आहे. त्या एका वचनात चार पिढ्या आहेत : पौल, तीमथ्य, तीमथ्य ज्यांच्यावर सोपवील ती विश्वासू माणसे आणि ती माणसे ज्यांना शिकवतील ते इतर. तेव्हा वर्षअखेरीस किती मुले जमली हे मोजायचे नाही. प्रशिक्षण घेतलेल्या वडिलांनी ज्याला घडवले तो तरुण पुढे आणखी कोणाबरोबर वचन घेऊन बसू लागला का, एवढेच पाहायचे. हजेरीचे आकडे अहवालात उठून दिसतात आणि ते मागणारे असणारच, याची मला कल्पना आहे.

२० जानेवारी

अभ्यासक्रम लिहायला घेण्यापूर्वी निरनिराळ्या मंडळ्यांतील कुमारांशी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी बोलणे झाले. ‘मंडळीतले मोठे लोक तुझ्याशी काय बोलतात?’ या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर सारखेच होते : अभ्यास कसा चालला आहे, पुढे काय करणार आणि उपासनेला का दिसला नाहीस. एका विद्यार्थिनीने सांगितले की, तिच्या पाळकांचे संदेश ती लहानपणापासून ऐकत आली आहे, पण आपण काय मानतो हे त्यांना सांगण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

हे ऐकताना अमेरिकेत २००२-०३ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या पाहणीची आठवण झाली. समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली १३ ते १७ वयोगटातील तीन हजारांहून अधिक मुलांशी दूरध्वनीवरून बोलणे झाले आणि त्यांपैकी काहींच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या गेल्या. धर्माला विरोध करणारी मुले थोडी निघाली. मात्र आपला विश्वास शब्दांत मांडताना पुष्कळ मुले अडखळली. कोणा मोठ्या माणसाने ‘तू काय मानतोस’ असे आपल्याला पहिल्यांदाच विचारले, असे अनेक मुलांच्या बाबतीत वाटले, असे संशोधकांनी नोंदवून ठेवले आहे. मुलांना शिकवले जात नव्हते असे नाही. त्यांना बोलू दिले जात नव्हते. म्हणून आमच्या प्रशिक्षणाचा मुख्य विषय ‘काय शिकवावे’ हा नसून, बोलण्याची सवय झालेल्या पुढाऱ्यांना प्रश्न विचारायला आणि ऐकायला बसवणे हा राहील.

३ फेब्रुवारी

धर्मप्रश्नोत्तरे, म्हणजे विश्वासाची मूलतत्त्वे प्रश्न-उत्तरांच्या रूपात पाठ करण्याची पद्धत, अभ्यासक्रमात ठेवावीत की काढून टाकावीत, यावर दोन तट पडले. मी ती ठेवण्याच्या बाजूचा आहे. मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, ती सॅक्सनीतील मंडळ्यांना भेटी दिल्यावर तेथील सामान्य लोकांचेच नव्हे, तर कित्येक पाळकांचेही अज्ञान पाहून. आणि तिच्यातील भाग कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्यांना शिकवावेत असे तिच्या मथळ्यांतच म्हटले आहे. दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना हे बाराव्या-तेराव्या वर्षी पाठ झालेले असले, तर पुढे शंका आल्यावर निदान कशाबद्दल शंका घ्यायची हे तरी त्या मुलाला ठाऊक असते.

अडचण पुढची आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या ओळख घडण्याच्या चार स्थिती मांडल्या. त्यांतल्या एका स्थितीत तरुणाने घरच्यांची मूल्ये काहीही पडताळून न पाहता स्वीकारलेली असतात, तर दुसऱ्या स्थितीत तो पडताळणी करत असतो आणि अजून कशालाच बांधील झालेला नसतो. पहिल्या स्थितीतला मुलगा मंडळीला आदर्श वाटतो आणि दुसऱ्या स्थितीतला बिघडलेला. वास्तविक, विचार करून बांधिलकी स्वीकारण्याची वाट बहुधा या दुसऱ्या स्थितीतूनच जाते. दृढीकरणाच्या (मंडळीत स्वतःचा विश्वास जाहीर करण्याच्या विधीच्या) वर्गात सगळी उत्तरे बिनचूक देणारा मुलगा महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षात दिसेनासा झाला की वडीलजन चकित होतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. प्रश्नोत्तरे राहतील, परंतु पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून प्रश्न विचारण्याची पाळी मुलांची असेल, अशी मांडणी केली आहे.

१७ फेब्रुवारी

पहिले सत्र. व्याख्यान ठेवलेच नव्हते. मार्क ४:३५-४१ हा येशूने वादळ शांत केल्याचा उतारा प्रत्येकाने शांतपणे वाचावा आणि सोळा वर्षांच्या मुलांना विचारण्यासाठी त्यावर तीन प्रश्न लिहावेत, एवढेच काम दिले. पुष्कळ वर्षे उपदेश केलेल्या माणसांना हे फारच सोपे वाटले आणि कागद पटापट भरले.

फळ्यावर एका वडिलांचे प्रश्न त्यांच्या परवानगीने लिहून घेतले. पहिला प्रश्न होता, ‘येशू आपल्या जीवनातील वादळे शांत करू शकतो ना?’ दुसरा, ‘आपण त्याच्यावर विश्वास ठेवायला नको का?’ तिसरा, ‘या उताऱ्यातून आपल्याला काय शिकायला मिळते?’ पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ याखेरीज उत्तर नाही, आणि उतारा न वाचताही ते देता येते. तिसऱ्यालाही वर्गातला हुशार मुलगा दोन शब्दांत वाटेला लावील. मग सर्वांना पुन्हा उताऱ्याकडे पाठवले आणि सांगितले की, ज्याचे उत्तर वचनात बोट ठेवून दाखवता येईल पण चटकन सुचणार नाही, असा प्रश्न शोधा.

या वेळी वेळ लागला. शेवटी मागे बसलेल्या एका भगिनींनी विचारले, “वारा पडल्यावर शिष्यांची भीती कमी झाली की वाढली?” सगळ्यांनी पुन्हा पुस्तके उघडली. वादळात ते घाबरलेले होतेच. परंतु त्यांना फार मोठी भीती वाटली असे जे मार्काने म्हटले आहे, ते वारा आणि समुद्र निवांत झाल्यानंतर, आणि तेव्हाच ते ‘हा आहे तरी कोण’ असे एकमेकांना म्हणू लागले. ज्या वडिलांनी या उताऱ्यावर अनेकदा संदेश दिला आहे असे त्यांनीच सांगितले, ते बराच वेळ त्या ओळीवर थांबले. जोडीने बसलेल्या तरुणाने लगेच पुढचा प्रश्न लिहिला : वादळापेक्षा येशूचीच अधिक भीती वाटावी, असे त्या नावेत काय घडले?

निरीक्षणाचे प्रश्न आधी, अर्थाचे नंतर आणि जीवनाला लावून पाहण्याचे सर्वांत शेवटी, हा क्रम सांगायला दोन मिनिटे पुरली असती. तो हाताने करून पाहिल्यावरच बसतो. ‘आपल्या जीवनात’ या शब्दांनी सुरू होणारा प्रश्न पहिल्या अर्ध्या वेळात विचारायचा नाही, असा नियमच करून टाकला आहे.

३ मार्च

आजचे सत्र शंकांवर होते. एकाने विद्यार्थी व्हायचे, दुसऱ्याने वडील. विद्यार्थ्याने ‘मी हल्ली प्रार्थना करत नाही, काही उपयोग होत नाही’ एवढे वाक्य म्हणायचे आणि वडिलांनी उत्तर द्यायचे. तिसऱ्याने फक्त पाहायचे आणि लिहायचे. जवळजवळ प्रत्येक जोडीत वडिलांच्या उत्तराची सुरुवात लगेचच ‘बाळा, असं म्हणू नये’ अशी किंवा एखाद्या वचनाने झाली. विद्यार्थ्याची भूमिका करणाऱ्यांपैकी काहींनी नंतर सांगितले की, ते खोटे बोलत होते तरी त्या क्षणी त्यांना पुढे काही सांगावेसे वाटेना.

दुसऱ्या फेरीत अट घातली : पहिली पाच मिनिटे वचन सांगायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही, फक्त विचारायचे आणि समोरच्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत परत सांगून ‘असेच ना?’ एवढे पडताळायचे. ‘केव्हापासून असे वाटते?’ या साध्या प्रश्नातून काय काय बाहेर येऊ शकते, हे पाहण्यासारखे होते. ‘उपयोग होत नाही’ या वाक्यामागे कोणा विद्यार्थ्याच्या घरातला मृत्यू असतो, कोणाची न सुटणारी अश्लील चित्रफितींची सवय आणि तिची लाज, कोणाचा मित्रांनी विचारलेला आणि उत्तर न सापडलेला प्रश्न, तर कोणाचे निव्वळ जागरण. या प्रत्येकाला एकच वचन लागू पडत नाही.

एका पाळकांनी रास्त हरकत घेतली : नुसते ऐकत बसलो तर वचनाची सेवा कोण करणार? यहूदाच्या पत्रातील २२वे वचन संशयात असलेल्यांवर दया करण्यास सांगते, याकडे मी लक्ष वेधले. आणि स्तोत्र ८८ उघडले, जे अंधारातच संपते आणि तरीही मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात टिकून आहे. ज्या तरुणाला आपली प्रार्थना निष्फळ वाटते, त्याच्यापुढे हे स्तोत्र ठेवणे ही वचनाचीच सेवा आहे. फक्त ते स्तोत्र हवे आहे की दुसरे काही, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. हरकत पूर्ण मिटली असे नाही, आणि ती मिटवण्याची घाईही नाही.

१० मार्च

सुरक्षिततेचे नियम आज वाचून दाखवले आणि प्रत्येकाची सही घेतली. अल्पवयीन मुलाशी एकट्याने बोलायचे झाल्यास इतरांच्या नजरेच्या टप्प्यात, दार उघडे ठेवून आणि पालकांना कल्पना देऊन बोलायचे. मुलींबरोबर भगिनींनी आणि मुलांबरोबर बंधूंनी बसायचे. सहलीत वा शिबिरात किमान दोन प्रौढ असायचे. रात्री उशिरा खासगी संदेशांची देवाणघेवाण करायची नाही. ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही. अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर स्वतः चौकशी करायची नाही, आरोप असलेल्या व्यक्तीशी बोलून समेट घडवायचा नाही, मंडळीचे नाव राखण्यासाठी ती दडपायची नाही. नेमलेल्या व्यक्तीमार्फत कायद्याने ठरलेल्या यंत्रणेकडे तात्काळ जायचे.

जीव द्यावासा वाटतो असे सुचवणाऱ्या मुलाला ते स्पष्ट शब्दांत विचारावे का, यावर काही जण बिचकले. थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यामुळे अनेकांना बोलायला वाट मिळते. विचारायचे, एकटे सोडायचे नाही आणि डॉक्टरांकडे न्यायचे. प्रार्थना करायचीच, पण डॉक्टरांऐवजी नव्हे.

नियमांत एक कलम मी आग्रहाने घातले, ज्याची अपेक्षा कोणी केली नव्हती. तरुणाच्या शिक्षणाविषयी किंवा विवाहाविषयी ‘प्रभूने मला तुझ्याबद्दल दाखवले’ असे म्हणून निर्णय लादायचा नाही. आध्यात्मिक अधिकाराचा हा गैरवापर पुष्कळदा प्रेमापोटीच होतो आणि म्हणून ओळखू येत नाही.

२४ मार्च

पालकांचे सत्र. उपस्थिती बेताची होती. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकात ६:७ मध्ये घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना वचनाविषयी बोलण्यास सांगितले आहे, म्हणजे जागा आणि वेळा सगळ्या घरच्या आहेत. वर उल्लेख केलेल्या पाहणीतही मुलांच्या विश्वासावरील सर्वांत मोठा प्रभाव आईवडिलांचाच दिसला. तरीही पालक मुलाला तरुण संघाकडे सोपवून मोकळे होतात आणि आम्हीही ते आनंदाने पत्करतो. तीमथ्याच्या बाबतीत लोईस आणि युनीके या आजी-आईंचा विश्वास आधी होता आणि पौल नंतर आला. त्याचा पिता हेल्लेणी (ग्रीक) होता एवढेच प्रेषितांची कृत्ये १६:१ सांगते. ज्या घरात एकच पालक विश्वासी आहे किंवा एकही नाही, त्या घरातल्या मुलांसाठी मंडळीतले एखादे कुटुंब शोधण्याचे काम वडिलांकडे दिले आहे.

१४ एप्रिल

जबाबदारी सोपवण्याचा विषय. पुढाऱ्यांना हा सर्वांत जड जातो, कारण मुलांनी केलेले काम कच्चे असते आणि ते लोकांपुढे होते. १८८१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी आपल्या मंडळीतील तरुणांसाठी ख्रिस्ती एन्डेव्हर संस्था सुरू केली, तेव्हा त्यांनी तरुणांसाठी कार्यक्रम आखण्याऐवजी तरुणांच्याच समित्या केल्या आणि सभेत प्रत्येकाने काहीतरी भाग घ्यावा अशी प्रतिज्ञा ठेवली. ती चळवळ थोड्याच वर्षांत अनेक देशांत पसरली. प्रतिज्ञेचा अतिरेक आज नको वाटतो, परंतु समित्यांमागचा विचार अजून टवटवीत आहे.

चर्चा मात्र दुसरीकडेच वळली : जबाबदारी दिलेला मुलगा मध्येच सोडून गेला तर? पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सेवेच्या प्रवासाला निघालेला योहान मार्क पंफुल्यातील पिर्गा येथून मध्येच परत गेला. त्याला पुन्हा बरोबर घ्यावे की नाही, यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात एवढा तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले. बर्णबाने त्याला कुप्रास (सायप्रसला) नेले. आणि पुढे पौलानेच मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे तीमथ्याला लिहिले. या प्रसंगात आपण कोणाच्या जागी असतो, हे प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला सांगावे असे म्हटल्यावर खोलीत बराच वेळ बोलणे चालले. बहुतेकांनी पौलाचे नाव घेतले. एका तरुण कार्यकर्त्याने आपल्यासमोरच्या वडिलांना सांगितले की, तो मार्क आहे आणि त्याच्यासाठी तेच बर्णबा होते. वडिलांना तो प्रसंग आठवतच नव्हता.

५ मे

शाळा संपवून दुसऱ्या शहरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा विषय. या प्रकल्पात एकच गोष्ट पूर्ण करता आली तर ती ही असावी, असे माझे मत आहे. घरच्या मंडळीला वाटते की मुलाला नवीन मंडळी सापडेल. नवीन शहरातल्या मंडळीला तो आला आहे हे ठाऊकच नसते. आणि रविवारी सकाळी एकट्याने अनोळखी दारातून आत जाण्याचे धैर्य अठरा वर्षांच्या मुलाला क्वचितच होते. पहिले काही आठवडे निघून गेले की नवीन सवयी बसतात आणि मग परतीची वाट अवघड होते. मुलाने विश्वास सोडला असे पुढे सांगितले जाते, तेव्हा पुष्कळदा कोणी त्याला स्वीकारलेच नव्हते असे आढळते.

नवीन काही शोधायचे नाही. अपुल्लोस हा उपदेशक अखयास (ग्रीसमधील प्रांतात) जायला निघाला तेव्हा बंधूंनी तेथील शिष्यांना पत्र लिहून त्याचे स्वागत करण्यास सांगितले, असे प्रेषितांची कृत्ये १८:२७ मध्ये आहे. आणि पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायाचा आरंभच फीबी या भगिनीच्या शिफारशीने होतो. आमच्या पद्धतीतही पत्रच आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी वडिलांनी विद्यार्थ्याबरोबर बसून जायच्या शहरातील मंडळी शोधायची, तेथील एका व्यक्तीशी विद्यार्थ्याच्या देखत फोनवर बोलायचे, पत्र विद्यार्थ्याला वाचायला देऊनच पाठवायचे आणि तो पोहोचल्यावर पहिल्या रविवारनंतर दोघांनाही फोन करायचा. पत्रात त्याची पापे आणि शंका लिहायच्या नाहीत. त्याला काय येते, काय आवडते आणि कोणते काम देता येईल, एवढेच लिहायचे. घेणाऱ्या मंडळीने त्याला उपासनेला बसवण्याबरोबर एखाद्या घराशी जोडून द्यायचे.

महाविद्यालयातील विद्यार्थी-गट पुरेसे नाहीत का, असे एकाने विचारले. त्यांचे मोल मोठे आहे. १७२९च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये वेस्ली बंधूंभोवती जमलेले मोजके तरुण एकत्र मूळ ग्रीक नवा करार वाचत आणि पुढे तेथील तुरुंगातल्या बंदिवानांना भेटू लागले. १८४४ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणाने आपल्यासारख्यांना जमवले, त्यातून वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना उभी राहिली. समवयस्कांची धग मंडळीला देता येत नाही. मात्र अशा गटात सगळेच वीस वर्षांचे असतात. तेथे कोणी म्हातारे होत नाही, कोणाचे बाळ रडत नाही, कोणाचा अंत्यविधी होत नाही. पदवी मिळाली की गट संपतो. म्हणून गट आणि मंडळी दोन्ही, आणि वेळ एकालाच असेल तर रविवार मंडळीचा, असा सल्ला प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत ठेवला आहे. विद्यार्थी-गटांत काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना हे वाक्य पसंत नाही.

२६ मे

मंडळ्यांना भेटी देऊन पाहणी चालू आहे. एका ठिकाणी वडिलांनी दोन मुलांबरोबर मार्काचे शुभवर्तमान वाचायला घेतले आहे. तिसरा मुलगा त्या दोघांनीच आणला. दुसऱ्या ठिकाणी आमची पुस्तिका व्यासपीठावरून वाचून दाखवली जात होती आणि मुले रांगेत बसून ऐकत होती. हे पाहिल्यावर पुस्तिकेतील समजावणीचे परिच्छेद काढून टाकायचे ठरवले. उतारा, कोरी जागा आणि प्रश्न लिहायच्या ओळी एवढेच ठेवले, म्हणजे वाचून दाखवण्यासारखे काही उरणारच नाही. एका पाळकांनी या पातळ पुस्तिकेबद्दल नाराजी कळवली आहे. त्यांना जुनी प्रत पाठवणार नाही. त्यांच्याकडे जाऊन एक अभ्यास त्यांच्या मुलांसमोर घेऊ आणि दुसरा त्यांना घ्यायला लावू.

९ जून

पुढील तुकडीची आखणी. या वेळी सत्रे आम्ही घ्यायची नाहीत. मार्काच्या उताऱ्याचे सत्र त्या भगिनी घेतील, शंकांचे सत्र हरकत घेणारे पाळक घेतील. त्यांची हरकत अजून कायम आहे आणि ती सत्रात मांडलीच जावी, असे त्यांना सांगितले आहे. आमच्यापैकी एकाने मागे बसून लिहायचे आणि सत्र संपेपर्यंत बोलायचे नाही. दुसऱ्या शहरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी मंडळ्यांकडून मागवली आहे. ज्यांनी ती अजून पाठवलेली नाही, त्यांना उद्या फोन करायचे आहेत.